रांधणारी कधी जेवायला बसते?

फ्रान्समध्ये मित्रमंडळींना घरी जेवायला बोलावलं की सगळं एकदम वाढत नाहीत. आधी सूप किंवा कोशिंबिरीसारखं काही, मग मासे किंवा मांस आणि भाजी, मग चीज, शेवटी गोड. २०१० साली युनेस्कोने ही रीत मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदवली.

पण ती फार जुनी नाही. अठराव्या शतकात तिथल्या बड्या घरांत कितीतरी पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडत. ते उचलले की दुसरी खेप. थाट मोठा, पण अन्न निवायचं, आणि हात पोचेल तेच पानात यायचं. एकेक पदार्थ गरम आणून वाढायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. तिला ‘रशियन वाढणं’ म्हणत. त्यासाठी नोकर हवेत. नोकर नसतील तिथे सारखी उठबस कोणाची, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

आम्हाला खरी हुशारी दिसते ती चीजमध्ये. रांधायचं नाही, नुसतं फळीवर मांडायचं. मांसाचा रस्साही मंद आचेवर तासन्‌तास शिजणारा, म्हणजे आधीच करून ठेवता येतो. मग चीजची फळी हातोहात फिरते, गप्पा रंगतात, आणि रांधणारीही आपल्या खुर्चीवर बसून जेवत असते.