भिंत कुणाची, कागद कुणाचा?

आपल्या गंगापूर रोडवर वारली चित्रं कुठे दिसत नाहीत? सोसायटीच्या भिंतीवर, हॉटेलात, कुर्त्यावर, चहाच्या कपावर सगळीकडे ती त्रिकोणी अंगाची माणसं फेर धरून नाचत असतात. ही चित्रं मूळची कुणाच्या हातची, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपला रस्ता गंगापूर धरण, गिरणारे करत पश्चिमेच्या डोंगरांकडे जातो. पलीकडे जव्हार, डहाणूच्या बाजूला वारल्यांचा तारपा वाजतो. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. उत्तरेला सुरगाणा, कळवण आणि गुजरातच्या डांगात कोकणा लोकांची पावरी. तीही दुधीचीच, पण तिच्या टोकाला शिंग. तारप्यावर सुगीचा नाच रंगतो, तर पावरी मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात घुमते. शेजारी शेजारी राहून वाद्य बदलतं, वाजवायचं निमित्तही बदलतं.

चित्रांत तर याहून मोठा फरक आहे. वारल्यांकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि मध्ये पालघाट देवी. हा चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. लग्न लावते तीही बाईच, गाणी म्हणणारी धवलेरी. आता मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्लांकडे पाहा. तिथे नवस फेडताना घरात पिथोऱ्याचे रंगीत घोडे काढतात, पण ते काढतो लिखंदरा, म्हणजे पुरुष. बाईने ते घोडे काढायचे नाहीत, अशी रीत.

मग भिंतीच्या जागी कागद आला. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे कलावंत डहाणूकडे गेले आणि त्यांनी वारल्यांना कागद नि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नाच्या चौकाबाहेर पडून रोजचं जगणं रंगवू लागले. त्यांचं नाव जगभर झालं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण आहेच. पण कागदावर पुरुषांची नावं आली आणि ज्या सवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिल्या, त्यांची नावं फारशी नोंदली गेली नाहीत. भिंत पुन्हा सारवली की जुना चौक जायचाच.

झाबुआत मात्र उलट घडलं. भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागदावर चित्रं काढायला सांगितलं. घरच्या भिंतीवर ज्या बाईला पिथोऱ्याचे घोडे काढता आले नसते, तिला कागदाने वाट दिली. २०२१ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली.

म्हणजे कागद एकच, पण एकीकडे बायकांची कला पुरुषांच्या नावावर गेली, तर दुसरीकडे बाईला स्वतःचं नाव मिळालं. रीत कुणी घालून दिली आणि नाव कुणी लिहिलं, यावर सगळं ठरलं.

आज वारली पाड्यांवर मुलीही कागदावर, कापडावर चित्रं काढतात. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी प्रदर्शनात वारली चित्र घ्याल तेव्हा किमतीआधी एक विचारा: हे काढलं कुणी? आणि तिचं नाव चित्रावर लिहून मागा.