जुनेर नाकारणाऱ्यांचा इतिहास

“अंगात हजाराचा शर्ट, आणि म्हणे शिष्यवृत्ती पाहिजे!” हा टोमणा आमच्या पोरांनी कॉलेजात, कचेरीत, बसस्टँडवर कितीदा ऐकला त्याची गणती नाही. टोमणा मारणाऱ्याला शर्टाच्या किमतीशी काही देणेघेणे नसते. ज्याने मळके, फाटके, दुसऱ्याने दिलेले घालावे असे ठरले होते, तो इस्त्रीचा शर्ट घालून समोर ताठ उभा राहतो, हे त्याला खुपते. म्हणून कपड्याचा विषय केवळ फॅशनचा समजून आम्ही सोडून देऊ शकत नाही. हा इतिहासाचा विषय आहे आणि टोमण्याला उत्तरही इतिहासातूनच दिले पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांतले तरुण डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. त्याला कारण आहे. ही झाडीपट्टी कापडाची भूमी आहे. इथल्या जंगलपट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा धरतो. ढिवर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या किड्यांची राखण करीत आली. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावचे कोष्टी त्या कोशाचे कापड विणतात. जुन्या मध्य प्रांतात महारही विणकर होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात महारांच्या जाडेभरडे सुती कापड विणण्याच्या धंद्याची नोंद आहे. म्हणजे सूत आणि माग आमच्या पूर्वजांना परके नव्हते. पण ज्यांनी गावाला कापड दिले, त्यांच्या स्वतःच्या अंगावर काय असावे हे मात्र दुसऱ्यांनी ठरवले.

कोणी ठरवले? मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, हेही त्याच अध्यायात आहे. हे फक्त पोथीत राहिले नाही. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला गेला. अपमानालाच हक्क म्हणायला लावणारी ही व्यवस्था होती.

कोणी म्हणेल, गरीब होते म्हणून फाटके घालत होते, त्यात जात कुठे आली? बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये याला पुराव्यानिशी उत्तर दिले आहे. जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आलेली इंदूरकडची बातमी त्यांनी तिथे नोंदवली. कनारिया, बिचोली हाफसी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतील सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढले की सोनेरी जरीकाठाचे फेटे बांधायचे नाहीत, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही आणि बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. पुढे डिसेंबर १९३० मध्ये तामिळ मुलखातील रामनाडच्या कल्लरांनी आदि द्रविडांवर असेच निर्बंध लादले. पुरुषांनी कोट, शर्ट, बनियन घालू नये आणि गुडघ्याखाली धोतर नेसू नये, कोणी चपला किंवा छत्री वापरू नये, असा तो हुकूम होता.

आता विचार करा. ज्याच्याकडे जरीकाठी फेटा विकत घ्यायला पैसाच नाही, त्याला फेट्याची बंदी कशाला घालायची? बंदी घालावी लागली, कारण माणसे चार पैसे जोडून चांगले कपडे घेऊ लागली होती. गरिबीने कपडा फाटका राहत होता हे खरे, पण गरिबी हटू लागताच जात आडवी येत होती. हे जुने झाले असेही कोणी समजू नये. २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाल्याची बातमी साऱ्या देशाने वाचली.

या पार्श्वभूमीवर महाड आठवा. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, हे प्रत्येक भीमसैनिकाला पाठ आहे. त्याच परिषदेच्या काळात बाबासाहेब स्त्रियांशी जे बोलले, ते मात्र आपण पुरेसे वाचत नाही. त्यांचे म्हणणे असे होते की तुमची लुगडे नेसण्याची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती पुसून टाका. वरच्या म्हणवणाऱ्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, त्याला जास्तीचा पैसा लागत नाही. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ हवा. कोपरापर्यंत भरलेल्या कथलाच्या आणि चांदीच्या गोट-पाटल्यांनी रूप वाढत नाही. तोच पैसा चांगल्या कपड्यावर खर्च करा. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. चित्रे आणि टिपणीस या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्या बायाबापड्यांना नवे नेसणे शिकवले.

दहा हलक्या वस्तूंपेक्षा एक चांगली वस्तू घ्या, हा धडा बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना १९२७ सालीच दिला होता. श्रीमंती मिरवा असे ते सांगत नव्हते. गुलामीची खूण अंगावरून उतरवा, असे सांगत होते.

त्यांच्या सुटावर टीका करणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला. ज्याच्यापाशी कपडा होता त्याने तो सोडला, म्हणून तो त्याग ठरला. ज्यांना शतकानुशतके उघडे ठेवले, त्यांनी काय सोडायचे? गोलमेज परिषदेत बाबासाहेब सूट-टायमध्ये बसले, तेव्हा कोट्यवधी उघड्या अंगांच्या वतीने बसले होते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट जतन करून ठेवले आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा पाहावेत.

आणि १४ ऑक्टोबर १९५६! दीक्षाभूमीवर बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. समोर लाखोंचा जनसमुदाय पांढऱ्या वस्त्रांत होता. त्यात आमच्या झाडीपट्टीतली माणसेही होती. ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तो हाच मुलूख. गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. त्या दिवशीचा रंग कोणी फर्मान काढून लादलेला नव्हता. तो आपल्या माणसांनी आपल्यासाठी निवडला होता.

आता आजचा प्रश्न. आज बंदी नाही, पण बाजार आहे. आठवडी बाजारात आणि मोबाईलवर दोनशे-तीनशेचा शर्ट मिळतो. दोन धुण्यांत रंग जातो, कॉलर गोळा होते, शिवण उसवते. समजा तीनशेचा शर्ट चार महिने टिकला, तर तीन वर्षांत नऊ शर्ट, म्हणजे सत्तावीसशे रुपये झाले. नऊशेचा एकच चांगला शर्ट तीन वर्षे टिकला, तर अठराशे वाचले. गरिबालाच स्वस्त कपडा महाग पडतो तो असा.

पण महाग म्हणजे चांगला, हीसुद्धा फसवणूकच. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले. तिथे पाश्चात्त्य देशांतल्या नामांकित ब्रँडचे कपडे शिवले जात होते. तेव्हा छातीवरच्या शिक्क्याला भुलू नका आणि कर्ज काढून ब्रँड तर मुळीच घेऊ नका. कापड उजेडात धरून वीण दाट आहे का पाहा. शिवण आतून उलटून पाहा, काजे-बटण ओढून पाहा. आपल्या गावच्या टेलरकडे मापाने शिवून घ्या, त्याच्या घरची चूलही पेटेल. दोन जोड घ्या, पण अंगाला नीट बसणारे घ्या, आणि धुऊन, इस्त्री करून, बटण तुटले तर लावून वापरा. उरलेल्या पैशात पुस्तके घ्या.

नागझिऱ्याच्या कडेच्या गावातून नागपूर-पुण्याला मुलाखतीला निघालेल्या आमच्या भावाबहिणींनो, आपल्या आज्याला कपडा निवडण्याचा अधिकार नव्हता. तुम्हाला तो आहे, आणि तो लढून मिळालेला आहे. म्हणून यापुढे कोणी शर्टाची किंमत विचारली तर ओशाळू नका. किंमत सांगा, आणि महाडचा इतिहासही सांगा.

जयभीम!