शेतीच्या माध्यमातून शिकविणारा शिक्षक : वर्धा-नागपूर परिसरातील प्रशिक्षण व सहजीवनाच्या प्रयोगांचा ऐतिहासिक अभ्यास (१९३७ ते १९५९)

प्रस्तावना

शाळा आणि शेत यांचा सांधा जुळावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतून शेतीचे प्रारंभिक ज्ञान द्यावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांनी सुचविले. अभ्यासक्रमाइतकाच शिक्षकाचाही विचार त्यांनी केला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

असा शिक्षक तयार कोठे होतो, त्याला शिकविते कोण आणि अडचण आली असता तो कोणाकडे जातो, हे प्रश्न मात्र पुढील काळात मागे पडले. नई तालीम या शिक्षणपद्धतीवर विपुल लेखन झाले आहे. त्यात गांधीजींचे तत्त्वज्ञान, स्वावलंबनाचा वाद आणि सूतकताई यांची चर्चा अधिक, तर शेतीच्या माध्यमातून शिकविणाऱ्या शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाची चर्चा कमी आढळते. प्रस्तुत लेखात वर्धा व नागपूर परिसरातील दोन प्रयोगांचा या दृष्टीने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मध्य प्रांतातील विद्यामंदिर योजनेत शिक्षकाला दिलेले स्थान तपासणे.
२) सेवाग्राम येथील शिक्षक-प्रशिक्षण व सहजीवन यांचे स्वरूप समजून घेणे.
३) या दोन प्रयोगांतून आजच्या काळासाठी कोणता बोध घेता येतो, ते मांडणे.

वर्धा परिषद आणि शिक्षकाचे नवे स्वरूप

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू प्रभृती तिचे सदस्य होते, तर ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे संयोजक होते. समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली.

समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवली. मूलोद्योगांत सूतकताई-विणकाम व सुतारकामाबरोबरच शेती आणि फळे-भाजीपाला लागवड यांचाही समावेश होता. भाषा, गणित, सामान्य विज्ञान व समाजशास्त्र हे विषय या उद्योगाशी समवाय साधून शिकवावयाचे होते.

समवाय हा शब्द उच्चारण्यास सोपा, परंतु आचरण्यास कठीण आहे. विदर्भातील कापसाचे उदाहरण घेऊ. वाफा मोजताना क्षेत्रफळ येते, बियाण्याचे प्रमाण काढताना त्रैराशिक येते, पावसाची नोंद ठेवताना भूगोल येतो, तर कापसाचा भाव विचारता विचारता मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंतचा इतिहास वर्गात येतो. हे साधण्यासाठी शिक्षकाला पीक, विषय आणि मूल या तिन्हींची ओळख हवी. शिवाय हंगाम वेळापत्रक पाळत नाही. विदर्भातील शाळा कडक उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर पेरणीची घाई सुरू झालेली असते. वेचणीचा काळ दिवाळीच्या सुटीच्या आसपास येतो. कोणता पाठ कोणत्या आठवड्यात घ्यावा, हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ज्याने त्या मातीत काही वर्षे मुलांना शिकविले आहे, त्याच्याकडूनच ते मिळते.

झाकिर हुसेन समितीला याची जाणीव होती. तिने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचविला आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाच्या अल्प अभ्यासक्रमाची सोय ठेवली. एका वर्षात प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला एकच खरीप व एकच रब्बी हंगाम येतो. पहिल्या वर्षी झालेली चूक दुसऱ्या वर्षी सुधारून पाहण्याची संधी त्याला मिळत नाही. शेतीच्या शिक्षकाबाबत प्रशिक्षणाच्या कालावधीचा प्रश्न म्हणूनच विशेष महत्त्वाचा ठरतो.

विद्यामंदिर योजना : जमीन मिळाली, सोबत नाही

याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते व प्रांताची राजधानी नागपूर होती. पंडित रविशंकर शुक्ल यांनी पुढे आणलेली विद्यामंदिर योजना शेतीशी थेट जोडलेली होती. गावाने किंवा दात्याने शाळेसाठी जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळेचा व शिक्षकाचा खर्च भागावा, अशी तिची मूळ कल्पना होती. शिक्षक तयार करण्यासाठी वर्धा येथे विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली. एप्रिल १९३८ मध्ये गांधीजींनी तिचे उद्घाटन केले.

योजनेमागील तळमळ प्रामाणिक होती. सरकारी तिजोरीत पैसा नसताना शाळा नसलेल्या गावांत शाळा पोहोचविण्याचा तो प्रयत्न होता. तथापि शिक्षकाच्या बाजूने पाहता तीन उणिवा ठळकपणे दिसतात.

पहिली उणीव आर्थिक होती. शिक्षकाचा चरितार्थ जमिनीच्या उत्पन्नाशी बांधला गेला, म्हणजेच पावसाची जोखीम शिक्षकाच्या संसारावर आली. झाकिर हुसेन समितीने शिक्षकाला मासिक २५ रुपये, निदान २० रुपये तरी वेतन असावे असे म्हटले होते. वेतनाची निश्चिती आणि पिकाची अनिश्चिती यांचा मेळ बसविणे सोपे नव्हते.

दुसरी उणीव सामाजिक होती. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम समाजातून आक्षेप घेण्यात आला आणि मुस्लिम लीगच्या पिरपूर अहवालातही (१९३८) ही तक्रार नोंदली गेली. शाळेच्या नावावरच गावातील एक घटक दुरावत असेल, तर तिच्याभोवती समुदाय उभारण्याचे शिक्षकाचे काम आरंभीच अवघड होते.

तिसरी उणीव संघटनात्मक होती. योजनेची रचना ‘एक गाव, एक जमीन, एक शिक्षक’ अशी होती. प्रशिक्षण संपवून गावी गेलेल्या शिक्षकाच्या अनुभवाला वाट मिळण्यासाठी स्थिर व्यवस्था उभी राहण्यास अवधीच मिळाला नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा राजकीय आधार नाहीसा झाला. शासनापलीकडे शिक्षकांचे स्वतःचे संघटन नसल्यामुळे तिला तोलून धरणारे दुसरे बळ उरले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सेवाग्राम : शिक्षकांचे सहजीवन

वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे तालीमी संघाने केलेले कार्य या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. मूळचे सिलोनचे आर्यनायकम् आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी हे दोघेही शांतिनिकेतनातून आलेले होते. त्यांनी प्रशिक्षणाचे केंद्र व्याख्यानात न ठेवता दैनंदिन जीवनात ठेवले. सकाळची सफाई, शेत, स्वयंपाकघर, कताई आणि प्रार्थना यांत शिक्षक, प्रशिक्षणार्थी व विद्यार्थी एकत्र असत. खताचा खड्डा हा आरोग्यशास्त्राचा पाठ होई आणि स्वयंपाकघराचा हिशेब हा गणिताचा. निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक येथे प्रशिक्षणासाठी येत. चित्रकार देवीप्रसाद १९४४ मध्ये, तर मार्जोरी साइक्स १९४९ मध्ये सेवाग्रामच्या कार्यात सहभागी झाल्या.

या सहजीवनाला परिषदांची जोड होती. मूलोद्योग शिक्षणाच्या परिषदा १९३९ मध्ये पुणे, १९४१ मध्ये दिल्लीतील जामियानगर आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे झाल्या. मधल्या काळात १९४२ च्या आंदोलनामुळे कार्यकर्ते तुरुंगात गेले व काम विस्कळीत झाले. तरीही १९४५ च्या परिषदेत नई तालीमची व्याप्ती पूर्व-बुनियादीपासून प्रौढ शिक्षणापर्यंत वाढविण्यात आली. पुढे ‘नई तालीम’ हे हिंदी मासिक अनुभवांच्या देवाणघेवाणीचे साधन बनले. एकत्र राहणे, ठराविक काळाने भेटणे आणि लिहिणे या तीन धाग्यांनी शिक्षकांचा समुदाय विणला गेला. शासकीय पाठबळ डळमळले असतानाही सेवाग्रामचे काम टिकले, त्यामागे हा समुदाय होता.

मर्यादा

सेवाग्रामचे चित्र केवळ उजळ नाही. आश्रमाच्या वातावरणात साधलेला समवाय गावातील एकशिक्षकी शाळेत साधणे दुष्कर होते. परतलेला शिक्षक पुन्हा निरीक्षकाच्या जुन्या कसोट्यांना सामोरा जाई. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि शिक्षणासाठी वाहिलेले स्वतंत्र संघटन राहिले नाही.

याहून मूलगामी प्रश्न जातीचा आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या शेतमजुरी सक्तीने आली, त्यांच्या दृष्टीने शाळा ही त्या सक्तीतून सुटण्याची वाट होती. आंबेडकरी चळवळीचे मोठे केंद्र असलेल्या नागपुरात हा प्रश्न टाळता येणार नाही. मुलाच्या हातात पुन्हा कुदळ दिली जात असेल, तर त्यासोबत अक्षर, विज्ञान आणि प्रतिष्ठा मिळते की नाही, हे पालक विचारणारच. फुले यांच्या मागणीचा अर्थ येथे उलगडतो. नांगर धरण्याची लाज आधी शिक्षकाची जावयास हवी होती. श्रमाची विभागणी तशीच ठेवून केवळ मुलांना राबविणे हा त्या मागणीचा विपर्यास ठरतो.

उत्तरकाल

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. शाळांत मात्र तो बहुधा एका तासिकेपुरता उरला. १९७४ पासून कृषि विज्ञान केंद्रे उभी राहिली. त्यांचा मुख्य रोख शेतकरी, ग्रामीण युवक व विस्तार कर्मचारी यांच्याकडे राहिला. नागपुरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे आणि अध्यापक विद्यालयांचीही परंपरा आहे. परंतु एक संस्था कृषी खात्याच्या वाटेने, तर दुसरी शिक्षण खात्याच्या वाटेने गेली. पीक जाणणारा आणि मूल जाणणारा हे एका बांधावर क्वचितच भेटले.

आशादायक अपवादही आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने शेती-पशुपालनासह ग्रामीण तंत्रज्ञानाचे शिक्षण शाळांपर्यंत नेले. सेवाग्राम येथे २००५ मध्ये आनंद निकेतन शाळा नव्याने सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीसाठी स्थानिक व्यवसायांची ओळख व दहा दप्तरविरहित दिवस सुचविले असून त्यात बागकामाचाही उल्लेख आहे.

निष्कर्ष

१) विद्यामंदिर योजनेने शिक्षकाला जमीन दिली, परंतु सहकाऱ्यांचा आधार दिला नाही. राजकीय पाठबळ जाताच तिची दुर्बलता उघड झाली.
२) सेवाग्राममध्ये सहजीवन, परिषदा व नियतकालिक यांमुळे शिक्षक एकमेकांचे शिक्षक झाले. त्या प्रयोगाचे चिवटपण यातच होते.
३) शेतीच्या शिक्षकाचे प्रशिक्षण किमान दोन-तीन हंगामांचे असावे. दोन-चार दिवसांच्या उद्बोधन वर्गाने ते साधणार नाही.
४) कृषी महाविद्यालये, कृषि विज्ञान केंद्रे व अध्यापक विद्यालये यांनी तालुका पातळीवर शिक्षकांच्या नियमित भेटी घडवून आणल्या, तर दोन खात्यांतील जुनी दरी कमी होऊ शकेल. अशा भेटींत अनुभवी शेतकरी व शेतमजूर स्त्रियांना मार्गदर्शकाचे स्थान मिळाले पाहिजे.

शाळेसाठी जमीन दानात मिळू शकते आणि अभ्यासक्रम एका ठरावाने मंजूर होऊ शकतो. शिक्षकांचा समुदाय मात्र पिकासारखा हंगामामागून हंगाम जोपासावा लागतो. १९३७ नंतरच्या दोन दशकांचा हा इतिहास धोरणकर्त्यांना तेवढे स्मरण देण्यास पुरेसा आहे.