मेंदूच्या गाठींवरील औषधोपचारांची वाटचाल

प्रौढांच्या मेंदूत आणि मेरुरज्जूत उद्भवणाऱ्या गाठींवरील औषधोपचारांचा इतिहास एका मूलभूत प्रश्नापासून सुरू होतो, तो म्हणजे रक्तात सोडलेले औषध गाठीपर्यंत पोहोचते की नाही. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांना १८८५ च्या सुमारास असे आढळले होते की, प्राण्यांच्या रक्तात टोचलेले काही रंग इतर अवयवांत उतरतात, परंतु मेंदू आणि मेरुरज्जू कोरेच राहतात. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला, तेव्हा मेंदू रंगला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्तिपेशी एकमेकींना अत्यंत घट्ट सांधलेल्या असल्याने असे घडते, हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट केले. या संरक्षक व्यवस्थेला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. गाठीच्या गाभ्यात हा अडथळा बराचसा मोडलेला असला, तरी निरोगी भागात शिरलेल्या कर्कपेशींना त्याचे संरक्षण मिळतच राहते.

त्यामुळे १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या नायट्रोसोयुरिया वर्गातील कारमस्टीन आणि लोमस्टीन या औषधांकडे लक्ष वेधले गेले, कारण ती मेदात विरघळणारी असल्याने हा अडथळा ओलांडू शकत होती. मात्र गाठीपर्यंत पोहोचणे म्हणजे रुग्णाला वाचवणे नव्हे, हे लवकरच उघड झाले. घातक ग्लायोमांवरील, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्कगाठींवरील, एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर केवळ आधारभूत उपचार मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान १४ आठवडे, फक्त कारमस्टीन घेतलेल्यांचे १८.५ आठवडे, तर किरणोपचार घेतलेल्यांचे ३५ आठवडे भरले; दोन्ही उपचार एकत्र दिल्यानेही हा मध्यक वाढला नाही.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या आरंभी टेमोझोलोमाइड तयार केले. तोंडावाटे घेता येणारे हे औषध शरीरात आपोआप विघटित होऊन कर्कपेशींच्या डीएनएला मेथिल गट जोडते आणि पेशी मारते. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स यांनी त्याच्या पहिल्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एकाच मोठ्या मात्रेपेक्षा पाच दिवसांत विभागून दिलेली मात्रा परिणामकारक ठरते, हे दिसून आले. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या ५७३ रुग्णांवरील युरोपीय-कॅनडीय चाचणीचे निष्कर्ष रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. किरणोपचारांना टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेले, आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले.

याच चाचणीतील नमुन्यांचा अभ्यास करून मोनिका हेगी यांनी दाखवले की, डीएनएवरील हा आघात दुरुस्त करणारे प्रथिन बनवणारा एमजीएमटी जनुक ज्यांच्या गाठीत निष्क्रिय झालेला असतो, त्यांनाच या औषधाचा मुख्य लाभ होतो. त्यापूर्वी १९९८ मध्ये ग्रेगरी केअर्नक्रॉस आणि सहकाऱ्यांनी ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या प्रकारात गुणसूत्र १ आणि १९ यांचे ठराविक भाग गळालेले असल्यास औषधांना उत्तम प्रतिसाद मिळतो, असे सिद्ध केले होते. अशा गाठींच्या रुग्णांत प्रोकार्बाझीन, लोमस्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन यांच्या जोडीने किरणोपचार दिल्यास मध्यक आयुर्मान ७.३ वरून १४.७ वर्षांवर जाते, हे एका दीर्घकालीन चाचणीने २०१३ मध्ये नोंदवले. आयडीएच जनुकातील बदलाला लक्ष्य करणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मिळालेली मान्यता ही याच विचाराची पुढची पायरी होय. मेरुरज्जूच्या गाठी मात्र तुलनेने दुर्मीळ असल्याने त्यांच्यावरील औषधोपचार बहुतांशी मेंदूच्या अनुभवावरच बेतावे लागतात.

लोमस्टीन हे अर्धशतकाहून जुने औषध योग्य गाठ ओळखता आल्यावर दुप्पट आयुष्य देणाऱ्या उपचाराचा भाग ठरले. म्हणूनच नव्या औषधाच्या शोधाइतकेच गाठीच्या जनुकीय तपासणीलाही मोल आहे; ही तपासणी ज्या रुग्णाच्या आवाक्यात येत नाही, त्याला या साऱ्या ज्ञानाचा निम्माच लाभ मिळतो, आणि ही उणीव दूर करणे हे वैद्यकव्यवस्थेचे कर्तव्य आहे.