'लाक्मे'चे ध्वनिमुद्रण आणि लिंगोचे गीत

ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांनी तत्त्वतः मान्य केली असली, तरी त्या साधनाची पारख कशी करावयाची याचा विचार फारसा झालेला नाही. ताम्रपट हाती आला की आपण त्याची लिपी, मिती, दाता आणि प्रतिग्रहीता तपासतो; बखर हाती आली की ती कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या आज्ञेवरून लिहिली हे आधी विचारतो. तबकडीपुढे मात्र आपण एकदम रसिक होऊन बसतो आणि आवाज गोड की कर्कश एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात एका फ्रेंच संगीतिकेच्या ध्वनिमुद्रणाची पारख साधनचिकित्सेच्या अंगाने करावयाची आहे. आणि ती करताना, ज्याची ध्वनिमुद्रिका कधी निघालीच नाही असे एक गोंडी गीत शेजारी ठेवावयाचे आहे.

ही जोडी वरवर विजोड दिसेल. संगीतिका म्हणजे लेओ दलीब याची 'लाक्मे'. पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक या नाट्यगृहात ती १४ एप्रिल १८८३ रोजी प्रथम झाली. (आपल्याकडे किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यास रंगभूमीवर आले होते, हे येथे सहज आठवते.) गीत म्हणजे लिंगोचे गीत. ते नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या तोंडून मिळविले, आणि हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावल्यानंतर त्यांच्या कागदपत्रांतून सर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. एक रचना हिंदुस्थानच्या अरण्याची पॅरिसमध्ये केलेली कल्पना आहे. दुसरी त्याच अरण्यातील माणसांनी स्वतःच्या उत्पत्तीची सांगितलेली कथा आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एक प्रश्न समान आहे. दुसऱ्याच्या आज्ञेवरून गायिलेले गाणे कशाचा पुरावा असते, हा तो प्रश्न होय.

'लाक्मे'चे कथानक थोडक्यात असे : नीलकंठ नावाचा ब्राह्मण इंग्रजांच्या बंदीमुळे आपले देवपूजन आडरानात चोरून करीत असतो. त्याची कन्या लाक्मे, म्हणजे आपली लक्ष्मी, हिच्या उपवनाचे कुंपण मोडून काही इंग्रज आत शिरतात आणि त्यांतील जेराल्ड नावाचा अधिकारी तिच्यावर अनुरक्त होतो. देवस्थान विटाळणारा तो कोण हे शोधण्यासाठी नीलकंठ वेष पालटून मुलीला भर बाजारात नेतो आणि तिला गावयास लावतो. आवाज ऐकून अपराधी पुढे येईल असा त्याचा होरा असतो. तसेच घडते. जेराल्ड जखमी होतो, लाक्मे त्याला रानात लपवून बरे करते. पण त्याचे मन पुन्हा पलटणीकडे ओढ घेत आहे असे दिसताच ती धोतरा खाऊन प्राण देते.

मराठी वाचकाला या संहितेत हसू आणणाऱ्या जागा पुष्कळ सापडतील. विष्णू हा येथे ब्रह्मदेवाचा पुत्र होतो. दुसऱ्या अंकातील नृत्यांना 'तेराना' आणि 'रेक्ता' अशी नावे आहेत, म्हणजे आपले तराणा आणि रेख्ता. परंतु नावापलीकडे त्यांत तराण्याचे काही नाही. या चुकांची यादी वाढविण्यात मात्र अर्थ नाही. पॅरिसच्या प्रेक्षकाला हिंदुस्थान कसा असावा असे वाटत होते याचा तो पुरावा आहे, आणि त्या दृष्टीने तो उत्तम पुरावा आहे. ऑपेरा-कॉमिक येथे या कृतीचा हजारावा प्रयोग १९३१ मध्ये झाला. एवढा काळ टिकलेली कल्पना इतिहासकाराने बाजूस सारावी अशी नसते.

'लाक्मे'ची जी अनेक ध्वनिमुद्रणे आहेत त्यांपैकी १९६७ मध्ये डेक्का कंपनीसाठी माँटे कार्लो येथील वाद्यवृंदासह झालेले ध्वनिमुद्रण येथे घेतले आहे. संचालक रिचर्ड बॉनिंग, लाक्मे जोन सदरलँड, जेराल्ड आलँ वाँझो, नीलकंठ गाब्रिएल बाकिए, आणि सखी मल्लिका झान बेर्बिये. सदरलँड यांच्या गळ्याविषयी वाद नाही. तार सप्तकात स्वर ज्या सहजतेने उभा राहतो, कंप आणि ताना ज्या सफाईने येतात, त्याला त्या पिढीत तोड क्वचितच होती. दोष सर्वज्ञात आहे : व्यंजने विरघळून जातात. फ्रेंच शब्द कानावर येतात ते स्वरांच्या धुक्यातून. वाँझो यांच्याजवळ नेमके जे आहे ते तिच्याजवळ नाही. त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट असून आवाजात कोठेही ताण नाही, आणि फ्रेंच गायनपद्धतीचा नमुना म्हणून या संचातील त्यांचीच भूमिका मी पुढे ठेवीन. १९५२ च्या सुमारास जॉर्ज सेबास्तियाँ यांच्या संचालनाखाली ऑपेरा-कॉमिकच्याच मंडळींसह झालेल्या संचात मादो रोबँ ही लाक्मे आहे. तिचा आवाज सडपातळ आहे, त्याला सदरलँडचे वैभव नाही. पण भाषा तिची स्वतःची आहे आणि तिच्या गाण्यात लाक्मे ही एक अल्पवयीन मुलगी आहे हे विसरावे लागत नाही.

येथवर जे लिहिले ते रसिकाचे मूल्यमापन झाले. खरी कसोटी दुसऱ्या अंकातील घंटागीताची आहे. त्यात लाक्मे एका परया मुलीची कथा सांगते. ही अस्पृश्य मुलगी रानातून जात असता श्वापदांनी वेढलेल्या एका अनोळखी प्रवाशाला पाहते, हातातील घुंगरांची काठी वाजवून श्वापदांना थोपविते, आणि तो प्रवासी प्रत्यक्ष विष्णू निघतो. आरंभी शब्दांवाचून, वाद्यांच्या साथीवाचून आळविलेले स्वर आहेत; पुढे घंटांचा नाद कंठाने काढावयाचा आहे. मैफिलीत हे गीत गायिकेचे कसब दाखविण्यासाठी स्वतंत्रपणे गातात आणि टाळ्या घेतात. नाटकात मात्र ते जुलमाचे गाणे आहे. बापाने गा म्हटले म्हणून ती गाते. अपराधी पुढे आला नाही म्हणून तो पुन्हा गा म्हणतो, आणि गर्दीत जेराल्ड दिसल्यावर तिचा स्वर तुटू लागतो. संगीतरचनेतच तो तुटलेला आहे.

ध्वनिमुद्रणगृहात हा तुटलेपणा कोठून यावयाचा? तेथे गायिका ध्वनिग्राहकासमोर उभी असते. बाजार नाही, गर्दी नाही, समोर बाप नाही. एखादी जागा साधली नाही तर ती पुन्हा गायिली जाते आणि चांगल्यातील चांगला तुकडा ठेवून बाकीचे टाकले जाते. १९६७ च्या संचात घंटागीताचा पूर्वार्ध असामान्य आहे, आणि नेमके त्यामुळेच उत्तरार्ध पडतो. ज्या मुलीचा गळा भीतीने दाटून आला आहे तिचे तुकडेही येथे मोत्यांसारखे घडीव उतरतात. सदरलँडने चूक केली असा याचा अर्थ नाही. जेथे चुकण्याची मुभाच काढून घेतली आहे तेथे चुकण्याचा अभिनय करणे फार अवघड असते, इतकाच याचा अर्थ. रोबँच्या संचात हा भाग अधिक खरा वाटतो, आणि त्याचे श्रेय मी तिच्या गळ्याइतकेच, ही कृती रोजच्या सरावाने खेळणाऱ्या मंडळींच्या सहवासाला देईन.

ध्वनिमुद्रण ऐकताना गाणारा कोठे होता, कोणापुढे होता आणि कोणाच्या सांगण्यावरून गात होता हे विचारावयाचे ठरले, म्हणजे तोच प्रश्न लिंगोच्या गीतालाही विचारणे प्राप्त होते. त्यासाठी दरेकशाकडे वळले पाहिजे.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी सालेकसा सोडल्यावर डोंगरात शिरते. दरेकसा हे या लोहमार्गावरील महाराष्ट्राच्या सीमेलगतचे स्थानक. जवळच बोगदा आणि हाजरा धबधबा. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग या खिंडीतून १८८० च्या दशकाच्या आरंभी गेला, म्हणजे पॅरिसमध्ये 'लाक्मे' रचली जात होती त्याच सुमारास. या परिसरात धनेगावजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस तेथे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण अशा अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. या यात्रेला आजचे संघटित रूप १९८० च्या दशकात आले. तेथे सांगितली जाणारी कथा अशी, की कली कंकालीची तेहेतीस मुले या गुहेत कोंडलेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी ती सोडविली, आणि हीरासुका पाटालीर याने किंगरी वाजवून त्या मुलांच्या अंगी जे बळ आणले त्याने दारावरची शिळा ढळली. त्याच शिळेखाली हीरासुका चिरडला गेला.

हिस्लॉप यांच्या संहितेत ही कथा अशी नाही. तेथे महादेव गोंडांना धवलगिरीवरील गुहेत कोंडतो, आणि लिंगो त्यांना सोडवितो तो वाद्याने नव्हे, तर महादेवाने मागितलेली काळ्या बिंदो पक्ष्याची पिले आणून. वाद्य येते ते निराळ्या प्रसंगी. विस्तव आणावयास गेलेला लिंगो झाडावर बसून असे काही वाजवितो की रिकाड गवाडी हा म्हातारा राक्षस आणि त्याची म्हातारी दोघेही नाचू लागतात. काची-कोपा लोहागड हे स्थळ मात्र त्या संहितेत आहे, आणि तेच आजचे कचारगड असे आता मानले जाते.

दोन पाठांतील हा फरक पाहून त्यांपैकी कोणता 'मूळ' याचा वाद घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. परधान हा गोंडांचा भाट. तो आपल्या गोंड यजमानाच्या दारी जातो, बाना किंवा किंगरी हाती घेतो आणि त्या घराण्याच्या कुळाची व देवांची कथा गातो. दान मिळते ते त्या गाण्याचे. शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वरच्या नर्मदाखोऱ्यातील परधानांचे जे वर्णन दिले आहे त्यावरून हे नाते किती जिवंत होते हे कळते. यजमान बदलला, त्याचे कूळ बदलले, की कथेचा भर बदलतो. हिस्लॉप यांच्या वेळी परधानापुढे यजमान नव्हता. लेखणी घेऊन बसलेला परका मनुष्य होता. लिहिणाऱ्याच्या वेगाने गावयाचे म्हटले की गाणे थांबत थांबत चालते, वाद्य खाली ठेवावे लागते, ध्रुवपद पुन्हा पुन्हा म्हणण्याचे कारण उरत नाही. जवळजवळ एक हजार ओळींची ती संहिता रोमन लिपीत, शब्दाखाली इंग्रजी शब्द देऊन छापली गेली, आणि तिने गोंडी भाषेच्या अभ्यासाची जी सेवा केली ती अमोल आहे. परंतु ती ध्वनिमुद्रणगृहातील कृती आहे, ध्वनी मात्र नसलेली. बाजारात उभ्या केलेल्या लाक्मेप्रमाणे त्या परधानालाही कोणीतरी 'पुन्हा म्हण' असे म्हटले असणार. कोठे त्याचा स्वर अडखळला असेल ते कागदावर उमटलेले नाही.

चाल गेल्यावर काय होते त्याचे उदाहरण लवकरच मिळाले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात दिली, आणि त्यासाठी लाँगफेलोच्या 'हायवाथा'चे वृत्त उचलले. ते वृत्त लाँगफेलोने फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतलेले. म्हणजे परधानाचे गीत मध्य प्रांतातून निघाले आणि अमेरिकेमार्गे फिनलंडच्या तालावर चालू लागले. दलीबच्या तराण्यात आणि यात फारसे अंतर नाही; उलट दलीबने आपण संगीतिका लिहीत आहोत हे तरी लपविले नव्हते.

गोंडी गाण्यांचे सूर कागदावर उतरविण्याचे काम पुढे ज्यांनी केले त्यांत वॉल्टर कॉफमन हे एक. हे संगीतकार १९३४ मध्ये युरोपातून मुंबईस आले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम त्यांनी पाहिले, आणि गोंड व बैगा लोकांच्या गाण्यांवरील त्यांचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोझार्ट आणि व्हर्डीवर तयार झालेल्या कानाने गोंडी चाली टिपल्या, याचे काही तोटे असणारच. पण निदान त्यांनी चाल ही नोंदविण्याजोगी गोष्ट मानली. त्यांच्या नोंदी लिंगोच्या गीताच्या नाहीत, आणि हिस्लॉप यांच्या परधानाची चाल त्यांवरून परत उभी करता येणार नाही.

तथापि कचारगडचा पाठ हिस्लॉप यांच्या पाठासमोर ठेवला तर एक गोष्ट नजरेत भरते. ज्या पाठाला श्रोता आहे, जो यात्रेत, गुहेच्या दारात, माणसांपुढे सांगितला जातो, त्यात सुटकेचे साधन वाद्य आहे आणि वाजविणारा मरतो. ज्या पाठातून वाद्य खाली ठेवविले गेले, त्यात सुटका पक्ष्याच्या पिलांनी होते. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. दोन पाठ दोन कुळांचे, दोन प्रदेशांचे असू शकतात, आणि मध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. परंतु या परिसरात काम करणाऱ्या संशोधकाने कथा लिहून घेताना वाद्य चालू होते की बंद होते, समोर यजमान होता की केवळ यंत्र, आणि गाणाऱ्याला कोणी किती वेळा थांबविले, एवढे टिपून ठेवावे. डेक्काच्या संचाबरोबर जी यादी मिळते तीत हाजी या नोकराची छोटी भूमिका करणाऱ्या एमिल बेलकूर यांचेही नाव आहे. लिंगोचे गीत सांगणाऱ्याचा उल्लेख मात्र आजवर 'एक परधान' असाच होत आला आहे.