‘ऑटोख्थॉन’ : एका ग्रीक सामासिक विशेषणाचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना :
प्राचीन अथेन्सचे नागरिक स्वतःला अभिमानाने ‘ऑटोख्थॉन’ म्हणवून घेत. मराठीत यासाठी ‘भूमिपुत्र’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो मूळ अर्थाशी कितपत जुळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती :
‘ऑटोस’ (तोच, स्वतः) आणि ‘ख्थॉन’ (भूमी) या दोन पदांचा हा समास होय. ‘ख्थॉन’ व पृथ्वीवाचक संस्कृत ‘क्षम्’ यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच आहे. ‘तीच आहे भूमी ज्याची’ असा बहुव्रीहीचा विग्रह केल्यास ‘पूर्वापार त्याच भूमीत राहणारा’ असा अर्थ मिळतो. ‘त्या भूमीतूनच उपजलेला’ असा विग्रह केल्यास ‘भूमिज’ हा अर्थ निघतो. हिरोडोटस आर्केडियन लोकांना हे विशेषण लावतो, तेव्हा त्यांनी स्थलांतर केले नाही एवढेच त्याला अभिप्रेत आहे. व्हिन्सेंट रोझिवॅक यांनी १९८७ मध्ये पहिला अर्थच मूळचा असल्याचे प्रतिपादन केले. भूमीतून जन्मलेल्यासाठी ग्रीक भाषेत ‘गेगेनेस’ हा स्वतंत्र शब्द होता, ही बाब या मताला पोषक ठरते.

अर्थांतर :
एरेक्थियस या राजाला भूमीने जन्म दिल्याची कथा ‘इलियड’मध्ये येते, मात्र हे विशेषण होमरच्या काव्यांत आढळत नाही. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये ही कथा आणि हा शब्द एकत्र आले व दीर्घ निवासाचा दावा जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा दावा बनला. युरिपिडीसच्या ‘आयॉन’ नाटकात याचे प्रत्यंतर येते.

याच शतकात, इ. स. पू. ४५१ च्या सुमारास, पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून आई व वडील दोघेही अथेनियन असलेल्यांनाच नागरिकत्व देण्याचा कायदा झाला. पुढे साथीच्या रोगात पेरिक्लीसचे दोन्ही औरस पुत्र दगावले. मिलेटसच्या अस्पाशियापासून झालेला पुत्र या कायद्यानुसार नागरिक ठरत नव्हता. अखेर त्याला अपवाद म्हणून नागरिकत्व द्यावे लागले.

समारोप :
मूळ शब्द निवासाचे सातत्य सांगतो. त्याला जन्माची व रक्ताची कसोटी जोडली ती अथेन्सच्या राजकीय गरजेने. म्हणून त्याचे ‘भूमिपुत्र’ असे सरसकट भाषांतर करणे म्हणजे अथेन्सचा दावाच शब्दार्थ म्हणून स्वीकारणे होय. इतिहासाच्या अभ्यासकाने शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा वापर यांतील हे अंतर लक्षात घेणे आवश्यक आहे.