शालेय पोषणमाने (पुणे शहर)

शाळेत शिजणाऱ्या आणि शाळेभोवती विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी ठरवलेल्या किमान अटी. महापालिकेच्या व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो. 2021 पासून त्याचे अधिकृत नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना. पाचवीपर्यंत रोज 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, पुढे आठवीपर्यंत 700 उष्मांक व 20 ग्रॅम, हे तिचे माप. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रश्न रिकाम्या पोटाचा होता. तो अजून संपलेला नाही, त्यामुळे हे माप निरुपयोगी ठरत नाही. अपुरे मात्र आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे.

केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू झाला. इथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली निघाली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःलाच उदाहरण केले : त्यांचा आणि सहलेखक जॉन युडकिन यांचा शरीरभारांक (बीएमआय) सारखाच, 22.3, चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणजे वजनकाट्यावर ठीक दिसणारे मूलही मधुमेहाच्या वाटेवर असू शकते. पुढे ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत इन्सुलिनला विरोध अधिक आढळला. हा तर गरोदरपणाचा प्रश्न, शाळेचा काय संबंध, असे विचारता येईल. पण आज पंगतीत बसलेली मुलगी उद्याची आई असते. याच संशोधक गटाने पुढे किशोरवयीनांना ब-12 देऊन पाहिले, ते याच तर्काने.

खिचडीत उष्मांक भरतात, ब-12 भरत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून खर्च लोकसहभागावर सोपवला. उष्मांकाचे माप यामुळे बिघडले नाही, आणि नेमके हेच त्या मापाचे वैगुण्य.

शाळेत व शाळेभोवती विकल्या जाणाऱ्या अन्नावरील बंदीची बाजू त्यामानाने सोपी. 2017 मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्यास सांगितले. 2020 च्या केंद्रीय नियमांनी फाटकापासून 50 मीटरपर्यंत जास्त तेल-मीठ-साखरेच्या पदार्थांची विक्री रोखली. पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत ही हद्द मोजायची कोणी, हा प्रश्न उरतोच. शिवाय वडापाव हटवल्याने डब्यात दूध येत नाही. राहिला प्रश्न पोषण आहारातल्या अंड्याचा : त्याला धार्मिक आक्षेप असतो. तो मान्य करूनच शाकाहारी मुलांना केळे देण्याची सोय होती. पण केळ्यातही ब-12 नसते. तिथे दूध किंवा दही द्यायला हवे होते.